पेशीतला कचरा नेमका कुठे तुंबतो?

आतड्याच्या आतल्या अस्तराची पेशी जेमतेम तीन ते पाच दिवस टिकते. तिच्यात काही बिघडलं तरी फारसं अडत नाही, कारण ती लवकरच गळून पडते आणि तिच्या जागी नवी येते. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींना ही सवलत नाही. जन्माच्या सुमारास तयार झालेली चेतापेशी, माणूस ऐंशी वर्षं जगला तर, ऐंशी वर्षं तीच राहते. ती विभागत नाही, त्यामुळे साचलेला कचरा दोन पेशींत वाटून निम्मा होण्याचीही सोय नाही. चुकीची घडी पडलेली प्रथिनं, त्यांचे एकमेकांत अडकलेले गोळे, निकामी झालेल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हे सगळं तिला जागच्या जागी मोडावं लागतं आणि त्यातला कामाचा माल पुन्हा वापरावा लागतो.

या कामाला ऑटोफॅजी म्हणतात, मराठीत स्वभक्षण. 'ऑटोफॅजी वाढवा' हा सल्ला हल्ली सर्रास कानावर पडतो. तो ऐकून असं वाटतं, की पेशीत कुठेतरी एक बटण आहे आणि ते दाबलं की झालं. प्रत्यक्षात ही अनेक टप्प्यांची साखळी आहे. प्रत्येक टप्प्यावर वेगळी प्रथिनं कामाला आहेत, आणि वय झालं किंवा आजार जडला की ही साखळी सगळ्यांमध्ये एकाच ठिकाणी अडत नाही. शेवटचा टप्पा तुंबलेला असताना पहिला जोरात चालवला, तर पेशीत कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग लागतो. म्हणून कुठलं प्रथिन कुठे बसलं आहे आणि काय करतं, हे आधी नीट पाहायला हवं.

एक फरक सुरुवातीलाच सांगायला हवा. प्रथिनं मोडण्यासाठी पेशीकडे प्रोटिअसोम नावाचं आणखी एक यंत्र असतं. ते पोकळ नळकांड्यासारखं असतं आणि त्याचं तोंड इतकं अरुंद असतं, की प्रथिनाची घडी उलगडून ते दोऱ्यासारखं आत ओवावं लागतं. एकेकट्या प्रथिनासाठी ही सोय उत्तम आहे. पण प्रथिनांचा घट्ट गोळा किंवा अख्खी तंतुकणिका त्यातून जाणं शक्य नाही. त्यासाठी पिशवीच लागते.

उपाशी किण्वाच्या पोटात

ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ साली लायसोसोम शोधला. शाळेच्या पुस्तकात आपण जिला लयकारिका म्हणतो तीच ही पचन करणारी आम्लधर्मी पिशवी. १९६३ साली ऑटोफॅजी हा शब्दही त्यांनीच दिला. पण हे काम कोणती प्रथिनं करतात याचा पत्ता पुढची जवळपास तीस वर्षं लागला नाही. अडचण साधी होती. कचऱ्याची पिशवी काही मिनिटांत तयार होते आणि लायसोसोममध्ये पोचली की तितक्याच झटपट विरघळून जाते. पाहायला गेलं की हाती काहीच लागत नाही.

जपानमधल्या योशिनोरी ओसुमी यांनी यावर एक नामी तोड काढली. पाव फुगवायला वापरतात त्या किण्वाची रिक्तिका, म्हणजे त्याच्या पेशीतली मोठी पिशवी, लायसोसोमचंच काम करते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसते. ओसुमींनी असं किण्व घेतलं ज्याच्या रिक्तिकेत प्रथिनं पचवणारी मुख्य एन्झाइम्स नव्हती, आणि मग त्याला उपाशी ठेवलं. तासाभराने त्या रिकाम्या रिक्तिकेत दोन-चार गोल कण दिसू लागले, द्रवात सतत थरथरणारे, इकडून तिकडे धक्के खाणारे. तीन तासांत रिक्तिका अशा गोळ्यांनी गच्च भरली. प्रत्येक गोळ्याचा व्यास साधारण ०.४ ते ०.९ मायक्रॉन होता आणि आत पेशीद्रवाचा तुकडा होता. हे काम १९९२ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, ज्यांच्या रिक्तिकेत असे गोळे साचत नाहीत अशी उत्परिवर्तित किण्वं शोधून, या कामाला लागणारी १५ जनुकं त्यांनी वेगळी काढली. आज एटीजी या नावाने ओळखली जाणारी जनुकं तिथून मोजली जातात. २०१६ सालचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

यातली एक गोष्ट पुढे कामी येणार आहे. ओसुमींना पिशव्या दिसल्या त्या शेवटचा टप्पा बंद होता म्हणून. ढीग दिसला म्हणजे सफाई जोरात आहे असं नसतं. तो पचन थांबल्याचाही पुरावा असू शकतो.

हुकूम कोण देतं?

सफाई सुरू करायची की थांबवायची हे मुख्यतः एमटॉरसी१ नावाचा प्रथिनसमूह ठरवतो. गंमत म्हणजे तो बसतो लायसोसोमच्याच पाठीवर. पेशीत अमिनो आम्लं भरपूर असली की रॅग नावाची छोटी प्रथिनं त्याला लायसोसोमच्या पृष्ठभागावर ओढून आणतात. ल्युसीन हे अमिनो आम्ल आहे की नाही हे सेस्ट्रिन-२ सांगतं, आर्जिनीन या दुसऱ्याची खबर कॅस्टर-१ देतं. इन्सुलिनसारख्या वाढीच्या संदेशांचा रस्ता वेगळा आहे, तो रेब या प्रथिनातून येतो. दोन्हीकडून होकार आला की एमटॉरसी१ पूर्ण जागा होतो. तेव्हा पेशी वाढते, नवी प्रथिनं बनवते, आणि सफाई बंद ठेवते.

बंद ठेवते म्हणजे काय करते? सफाईची पहिली कळ यूएलके१ या प्रथिनाकडे आहे. एमटॉरसी१ त्याच्या साखळीतल्या एका ठरावीक सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा गट चिकटवतो. उंदराच्या प्रथिनात ही जागा ७५७वी, माणसात ७५८वी. हा गट असेपर्यंत यूएलके१ गप्प राहतं. अमिनो आम्लं संपली, एमटॉरसी१ लायसोसोमवरून सुटला, की तो गट काढला जातो आणि यूएलके१ आपल्या जोडीदारांसह, म्हणजे एटीजी१३, एफआयपी२०० आणि एटीजी१०१ यांच्यासह, कामाला लागतं.

ऊर्जेचा हिशोब ठेवणारं दुसरं प्रथिन म्हणजे एएमपीके. पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, घटलं की ते जागं होतं. २०११ सालच्या प्रयोगांनी असं मांडलं, की एएमपीके यूएलके१च्या वेगळ्या जागांवर फॉस्फेट लावून त्याला चालना देतं. एक लगाम खेचणारा, दुसरा टाच मारणारा, असं हे चित्र बरीच वर्षं शिकवलं गेलं. मात्र २०२३ साली आलेल्या कामाने दाखवलं, की ऊर्जेची टंचाई असताना एएमपीके यूएलके१ला उलट आवरून धरतं आणि सफाईची यंत्रणा मोडू न देता पुढच्यासाठी राखून ठेवतं. विचार केला तर हे पटतं. पिशवी विणायला आणि लायसोसोम आम्लधर्मी ठेवायला एटीपीच लागतं, तेव्हा ते संपत आलेलं असताना इतकं खर्चिक काम कोण काढेल? एएमपीके चेतवलं म्हणजे ऑटोफॅजी वाढलीच, असं जिथे छातीठोकपणे लिहिलेलं दिसेल तिथे थांबून पुन्हा वाचावं.

सफाई सुरू झाली की ती स्वतःला आवरही घालते. पिशवीतली प्रथिनं पचून अमिनो आम्लं बाहेर पडतात आणि तीच शेजारी बसलेल्या एमटॉरसी१ला पुन्हा जागं करतात. त्यानंतर वापरलेल्या लायसोसोममधून नवे छोटे लायसोसोम फुटून निघतात. पुढच्या खेपेची तयारी ही अशी होते.

पिशवी कशी विणली जाते

बांधकाम आंतर्द्रव्यजालिकेला लागून सुरू होतं. एटीजी९ हे प्रथिन असलेल्या बारीक पुटिका बीजासारख्या जमतात. व्हीपीएस३४ नावाचं एन्झाइम तिथल्या पटलातल्या मेदावर एक खास खूण करतं, आणि ती खूण पाहून पुढची प्रथिनं येतात. एटीजी२ हे सुमारे २० नॅनोमीटर लांबीचं दांड्यासारखं प्रथिन पुलासारखं बसतं आणि आंतर्द्रव्यजालिकेतले मेदरेणू वाढत्या पटलात पोचवतं. पटल आधी बशीसारखं असतं, मग वाटीसारखं वळतं, शेवटी तोंड मिटून दुहेरी भिंतीची पिशवी होते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत तिचा व्यास साधारण अर्धा ते दीड मायक्रॉन भरतो. हीच ऑटोफॅगोसोम.

व्हीपीएस३४ एकटं काम करत नाही. त्याला बेक्लिन-१ हे सोबती लागतं, आणि बेक्लिन-१ला बीसीएल-२ हे दुसरं प्रथिन पकडून ठेवतं. बीसीएल-२ मूळचं पेशीला मरणापासून वाचवणारं म्हणून प्रसिद्ध आहे. बेक्लिन-१चा शोधच १९९८ साली बीसीएल-२ला कोण चिकटतं हे पाहताना लागला. उपास किंवा व्यायाम झाला की ही पकड सुटते. २०१२ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात बीसीएल-२ असं बदललं होतं की पकड सुटूच नये. त्या उंदरांना धावपट्टीवर पळवलं तरी त्यांच्या स्नायूंत ऑटोफॅजी वाढली नाही, आणि व्यायामामुळे साखरेच्या चयापचयात होणारी सुधारणाही त्यांना मिळाली नाही.

पिशवीच्या भिंतीवर एलसी३ नावाचं छोटं प्रथिन जडवलेलं असतं. एटीजी४ त्याचं टोक कापतं, एटीजी७ आणि एटीजी३ त्याला हातोहात पुढे नेतात, आणि एटीजी१२, एटीजी५ व एटीजी१६एल१ यांचा गट त्याला पटलातल्या मेदाला घट्ट जोडतो. सुट्टं एलसी३ म्हणजे पहिलं रूप, मेदाला जोडलेलं म्हणजे दुसरं. प्रयोगशाळेत रोज मोजलं जातं ते हे दुसरं रूप.

आत काय भरायचं हे नेहमीच नशिबावर सोडलेलं नसतं. टाकाऊ मालावर युबिक्विटिन या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. पी६२, ऑप्टिन्युरिन, एनडीपी५२, एनबीआर१ ही प्रथिनं एका हाताने युबिक्विटिन धरतात आणि दुसऱ्या हाताने एलसी३. माल पिशवीत ओढला जातो तसं पी६२ही आत जातं आणि मालाबरोबर पचतं. म्हणून सफाई अडली की पेशीत पी६२ साठत जातं.

मग पिशवी लायसोसोमपर्यंत न्यावी लागते. सिन्टॅक्सिन-१७, स्नॅप-२९ आणि व्हॅम्प-८ ही प्रथिनं दोन पटलं एकमेकांवर घट्ट दाबून एकजीव करतात. लायसोसोमच्या आत ६०च्या आसपास पचन-एन्झाइम्स असतात. आतला पीएच ४.५ ते ५ असतो, बाहेर पेशीद्रवात ७.२, म्हणजे आत हायड्रोजन आयनांची तीव्रता शेकडो पट जास्त. ती टिकवण्यासाठी व्ही-एटीपेज नावाचा पंप एटीपी खर्चून आयन आत ढकलत राहतो. हा पंप मंदावला की एन्झाइम्स जागेवर असूनही काम करत नाहीत. एकूण साखळीतली सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत नाजूक जागा ही आहे असं आमचं मत आहे.

या सगळ्या यंत्रणेला लागणारी प्रथिनं पुरवण्याचं काम टीएफईबीकडे असतं. लायसोसोमची आणि ऑटोफॅजीची कितीतरी जनुकं एकदम चालू करणारं हे प्रथिन. एमटॉरसी१ त्याच्या २११व्या सेरीनवर फॉस्फेट लावतो, मग १४-३-३ नावाचं प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतं. उपासमारीत फॉस्फेट निघतं, टीएफईबी केंद्रकात शिरतं आणि नव्या लायसोसोमची तजवीज सुरू होते. यूएलके१मुळे सफाई काही मिनिटांत सुरू होते. टीएफईबीचा परिणाम दिसायला काही तास लागतात, पण तो अधिक टिकतो.

मोजताना होणारी चूक

सिंकमध्ये पाणी साचलेलं दिसलं तर नळ जास्त सुटला आहे की मोरी तुंबली आहे, हे नुसत्या पाण्याच्या पातळीवरून सांगता येत नाही. एलसी३च्या दुसऱ्या रूपाचं तसंच आहे. ते वाढलं म्हणजे पिशव्या जास्त बनताहेत असंही असेल, किंवा बनलेल्या पिशव्या पचत नसतील.

खात्री करण्याची रीत अशी. त्याच पेशींचे दोन गट करायचे. एका गटाला बॅफिलोमायसिन द्यायचं, हे औषध व्ही-एटीपेज बंद पाडतं. काही तासांनी दोन्ही गटांतलं एलसी३ मोजायचं. औषध दिलेल्या गटात ते बरंच चढलं, तर याचा अर्थ पिशव्या बनत होत्या आणि औषध नसताना पचतही होत्या. दोन्ही गट सारखेच राहिले, तर मोरी आधीपासूनच तुंबलेली होती किंवा नळच बंद होता. या दोहोंत फरक करायला मूळ पातळी आणि पी६२ पाहायचं. औषध फार वेळ ठेवलं तर पेशी स्वतःच बिघडते, लायसोसोमवरच्या एमटॉरसी१वरही परिणाम होतो आणि आकडे फसवे येतात.

दुसरी रीत डोळ्यांना दिसणारी आहे. एलसी३ला एकाच वेळी हिरवं आणि लाल असे दोन चमकणारे तुकडे जोडतात. हिरवा आम्लात विझतो, लाल टिकतो. पेशीद्रवातली पिशवी दोन्ही रंग मिळून पिवळी दिसते आणि लायसोसोमशी जुळली की लाल होते. निरोगी पेशी उपाशी ठेवली तर पिवळ्या ठिपक्यांबरोबर लाल ठिपकेही झपाट्याने वाढतात. पेशीभर पिवळेच ठिपके साठले आणि लाल दिसेनात, तर अडचण पुढच्या टोकाला आहे.

वय वाढतं तसं

म्हातारपणी यंत्रणेतली एकच गोष्ट बिघडत नाही, पण काही बदल वारंवार सापडतात. त्यातला एक रुबिकॉन या प्रथिनाचा. ते व्हीपीएस३४च्या गटाला चिकटून पिशवीचं पुढचं काम रोखतं. २०१९ साली जपानमधल्या गटाने दाखवलं, की कृमी, फळमाशी आणि उंदीर, तिघांच्याही ऊतींत वयाबरोबर रुबिकॉन वाढतं. ते कमी केलं तर कृमी आणि माश्या जास्त जगल्या. उंदरांच्या मूत्रपिंडातला वयाबरोबर येणारा तंतुमय कठीणपणा कमी झाला.

इथपर्यंत वाचून रुबिकॉन म्हणजे शत्रू असं वाटेल. पण त्याच संशोधकांना पुढे उंदरांच्या मेदपेशींत उलटा प्रकार सापडला. तिथे वयाबरोबर रुबिकॉन घटतं, सफाई प्रमाणाबाहेर वाढते, आणि मेदपेशींना लागणारी प्रथिनंच मोडली जातात. ऊती खंगते, चरबी यकृतात साठायला लागते. एकच प्रथिन, एकच प्राणी, पण मूत्रपिंडात हवं ते मेदपेशीत नको. संपूर्ण शरीराची ऑटोफॅजी एकाच गोळीने वाढवण्याच्या कल्पनेला यापेक्षा स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

बेक्लिन-१ची कहाणी जास्त आश्वासक आहे. २०१८ साली उंदरांच्या बेक्लिन-१मध्ये १२१व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं गेलं, ज्यामुळे बीसीएल-२ची पकड सैल झाली. हे उंदीर जास्त जगले, आणि हृदय व मूत्रपिंडातले म्हातारपणाचे बदलही त्यांच्यात कमी दिसले. इथे कळ जोरात दाबली नव्हती, लगाम जन्मापासून थोडा ढिला ठेवला होता, आणि शेवटचा टप्पा शाबूत होता.

पिशवीशिवाय चालणारा एक बारीक मार्गही आहे. काही प्रथिनांवर पाच अमिनो आम्लांची एक ओळख असते. एचएससी७० ती ओळखून ते प्रथिन थेट लायसोसोमच्या दारात नेतं, आणि लॅम्प-२ए हे दार त्याला उलगडून आत घेतं. म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात ही दारं कमी होतात. २००८ साली जनुकीय युक्तीने म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात लॅम्प-२ए पूर्वीइतकं ठेवलं, तेव्हा बिघडलेली प्रथिनं कमी साठली आणि यकृताचं काम सुधारलं.

आजार तेच, अडण्याची जागा वेगळी

पार्किन्सनच्या काही कुटुंबांत पार्किन (१९९८) आणि पिंक१ (२००४) या जनुकांतले दोष सापडले. दोन्ही निकामी तंतुकणिका ओळखण्याच्या कामाची. धडधाकट तंतुकणिका पिंक१ला सतत आत ओढून मोडत असते, त्यामुळे ते बाहेर साचत नाही. तंतुकणिकेच्या पटलावरचा विद्युतभार गेला की ओढणं थांबतं, पिंक१ बाहेरच्या पटलावर जमा होतं, युबिक्विटिनच्या ६५व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, त्याने पार्किन जागं होतं आणि ते आणखी युबिक्विटिन चिकटवत सुटतं. मग ऑप्टिन्युरिन आणि एनडीपी५२ येऊन पिशवी बोलावतात. म्हणजे इथे अडतं ते माल ओळखण्याच्या पायरीवर. मात्र २०१८ साली असंही दिसलं, की उंदरात पिंक१ काढून टाकलं तरी तंतुकणिकांची रोजची सफाई जवळपास तशीच चालते. पिंक१ बहुधा मोठ्या पडझडीच्या वेळी लागतं. आणि पार्किन्सनच्या बहुतांश रुग्णांत ही दोन्ही जनुकं धडधाकट असतात.

त्यांच्यातल्या काहींची अडचण लायसोसोममध्ये असते. लायसोसोममधलं एक एन्झाइम बनवणाऱ्या जीबीए१ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर गोशे हा, न पचलेला मेद पेशींत साठत जाण्याचा आजार होतो. एकच प्रत बिघडलेली असली तर तो होत नाही, पण पार्किन्सनचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात २०१० साली चमत्कारिक चित्र दिसलं. पिशव्या बनतात, लायसोसोमला जुळतात, पचतातही, पण त्यांच्यात माल फार कमी असतो. अशा पेशीत नळ आणखी सोडला तर रिकाम्या पिशव्यांच्या फेऱ्या वाढतील, इतकंच.

अल्झायमरमध्ये दोष शेवटाकडे झुकतो. २००५ साली रुग्णांच्या मेंदूच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांत, सुजलेल्या चेतातंतूंमध्ये न पचलेल्या पिशव्या खच्चून भरलेल्या आढळल्या. २०२२ साली उंदरांच्या प्रारूपांत आणखी जवळून पाहिलं गेलं. लायसोसोमची आम्लता आधी घसरते, मग न पचलेल्या पिशव्या पेशीच्या कडेला एवढ्या फुगतात की पटल बाहेर पाकळ्यांसारखं उमलतं. मध्ये केंद्रक, भोवती फुगलेल्या पाकळ्या, आणि आत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन. पेशींबाहेर साचणारी अमायलॉइडची चकंदळं (प्लाक) दिसायच्या आधीच हे घडतं. त्या प्रारूपांत बरीचशी चकंदळं अशाच एकेका चेतापेशीच्या मरणातून तयार होतात, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे.

कर्करोगात एकच यंत्रणा दोन्ही बाजूंनी खेळते. बेक्लिन-१ची एक प्रत नसलेल्या उंदरांना गाठी जास्त होतात, म्हणजे सफाई गाठीला रोखते. पण एकदा गाठ जमली, विशेषतः पेशीला वाढायला सांगणाऱ्या रास जनुकाच्या बिघाडातली, की तीच गाठ उपासमारीत तगून राहायला ऑटोफॅजी वापरते. म्हणून तिथे औषध शोधलं जातं ते सफाई बंद पाडणारं.

औषधं साखळीत कुठे बसतात

रापामायसिन एमटॉरसी१ला आवरतं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं तो १९६४ साली रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीत होता. २००९ साली ६०० दिवसांच्या, म्हणजे बऱ्यापैकी म्हाताऱ्या उंदरांच्या खाण्यात ते घातलं तरी त्यांचं आयुष्य वाढलं. ९० टक्के उंदीर मरण्याचं वय माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेलं. पण एमटॉरसी१ सफाईखेरीज प्रथिननिर्मिती आणि प्रतिकारशक्तीही चालवतो, त्यामुळे यातला किती वाटा ऑटोफॅजीचा हे वेगळं काढणं अवघड आहे. माणसात हे औषध मूत्रपिंड-रोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात. तोंडात व्रण, रक्तातली चरबी वाढणं, जखम उशिरा भरणं, संसर्गाचा धोका हे त्याचे माहीत असलेले त्रास आहेत. दीर्घायुष्यासाठी मनाने घेण्याचं हे औषध नव्हे.

क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी औषधं साखळीच्या दुसऱ्या टोकाला लागतात. ती लायसोसोममध्ये साचून त्याचं काम बिघडवतात, म्हणून कर्करोगात त्यांचे प्रयोग चालले आहेत. यूएसपी३० हे एन्झाइम पार्किनने लावलेलं युबिक्विटिन काढून टाकतं. त्याला रोखणारी औषधं ओळख पटवण्याच्या पायरीवर मदत करतील, अशी आशा आहे. आणि लायसोसोमच तुंबलेला असेल तर टीएफईबी किंवा थेट आम्लता सुधारण्याचा रस्ता जास्त शहाणपणाचा ठरतो, कारण तिथे नळ सोडून भागत नाही.

उपासाचे तास

अमुक तास उपाशी राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते, असे आकडे ठामपणे सांगितले जातात. त्यांना माणसातल्या थेट मोजमापाचा आधार नाही. वर सांगितलेली बॅफिलोमायसिनची चाचणी जिवंत माणसाच्या यकृतावर किंवा मेंदूवर करता येत नाही. रक्तपेशींत काही मोजता येतं, पण रक्तपेशी म्हणजे चेतापेशी नव्हे. उंदरांचे २४ तास माणसाच्या २४ तासांना लावता येत नाहीत. उंदराचा चयापचय इतका वेगवान असतो, की एका दिवसाच्या उपासात त्याचं वजन लक्षणीय घटतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी तर असा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

२००४ साली एलसी३ हिरवं चमकेल असे उंदीर तयार करून उपाशी ठेवले गेले. यकृत, स्नायू, हृदय सगळीकडे ठिपके वाढले, मेंदूत मात्र वाढ दिसली नाही. २०१० साली दुसऱ्या गटाला उपाशी उंदरांच्या चेतापेशींत वाढ आढळली, त्यामुळे हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण २००६ साली जपानमधल्या दोन गटांनी केलेले प्रयोग निःसंदिग्ध आहेत. एकाने उंदरांच्या फक्त मेंदूतून एटीजी५ काढलं, दुसऱ्याने एटीजी७. हे उंदीर पोटभर खात होते. कुठलंही रोगट प्रथिन त्यांना दिलेलं नव्हतं. तरी त्यांच्या चेतापेशींत युबिक्विटिन लागलेल्या प्रथिनांचे गोळे साचले, चालण्याचा तोल गेला, आणि एटीजी७ नसलेले उंदीर २८ आठवड्यांच्या आत मेले. चेतापेशीला जगवणारी सफाई उपाशी असताना जागी होणारी नव्हती. ती पोट भरलेलं असतानाही, मंद गतीने, रोज चालू असते.